मजले मोजण्याआधी रस्ता मोजा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कोल्हापुरात उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी अनेकांना एकाच प्रकारची शंका होती, म्हणून त्यांतली सहा निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : राजारामपुरीत आमचा जुना बंगला आहे. शेजारचे दोन बंगले पाडून तेथे बारा मजल्यांची इमारत होत आहे. जिथे कालपर्यंत दोन मजल्यांवर परवानगी मिळत नव्हती, तिथे बारा मजले कसे मंजूर होतात? आमचे ऊन आणि वारा गेला, त्याची दाद कोठे मागायची? — एक ज्येष्ठ वाचक, राजारामपुरी

आपल्याला वाटते त्याप्रमाणे हा चमत्कार नव्हे. हा नियमातल्या बदलाचा परिणाम आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यातील बहुतेक सर्व शहरांना तेव्हापासून हेच पुस्तक लागू आहे. दाट वस्तीच्या जुन्या गावठाणाबाहेरील भूखंडांना तिने १.१० हा मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) दिला आणि त्यावर अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळणारे क्षेत्र व हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क (टीडीआर), चढवण्याची मुभा ठेवली. हे चढवणे किती, ते मात्र भूखंडासमोरचा रस्ता ठरवतो. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर ही वाढ मिळत नाही, नऊ ते बारा मीटर असेल तर एकूण निर्देशांक २.०० पर्यंत जातो आणि तीस मीटर किंवा अधिक रुंदीच्या रस्त्यावर तो ३.०० पर्यंत पोहोचतो. याशिवाय जिने, लिफ्ट, बाल्कनी यांसारख्या गोष्टींसाठी निवासी इमारतीत साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून घेता येते.

आता हिशेब करून पाहा. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. नऊ मीटरच्या रस्त्यावर निर्देशांक २.०० धरला तर २१,७८० आणि त्यावर साठ टक्के मिळवले तर जवळपास ३४,८५० चौरस फूट बांधकाम होते. हीच जागा तीस मीटरच्या रस्त्यावर असती तर आकडा ५२,००० च्या पुढे गेला असता. पूर्वी बाल्कनी आणि जिन्यांचे बरेचसे क्षेत्र एफएसआयच्या हिशेबाबाहेर राहत असे, त्यामुळे ही सारीच वाढ नवी आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु वाढ मोठी आहे, यात शंका नाही. एवढे क्षेत्र पार्किंग आणि सामासिक अंतरे, म्हणजे इमारत व भूखंडाची हद्द यांमधली मोकळी जागा, सोडून उरलेल्या जागेत बसवायचे म्हटले की इमारतीला वर जाण्यावाचून मार्ग राहत नाही.

नियमाच्या या रचनेविषयी मला एक तक्रार आहे, ती येथे नोंदवतो. रस्त्याची रुंदी मोजली जाते, ती नकाशावर. त्या रस्त्याच्या पोटातली जलवाहिनी किती इंचाची आहे, सांडपाण्याची नळी कोणत्या काळातली आहे आणि दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहिल्यावर प्रत्यक्ष चालण्याजोगा रस्ता किती उरतो, हे निर्देशांक ठरवताना कोणी विचारत नाही. चार कुटुंबांसाठी टाकलेली नळी साठ कुटुंबांनी वापरली की तुंबणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

आपल्या उन्हाविषयी. बाजूचे सामासिक अंतर साधारणपणे उंचीच्या एक पंचमांश धरले जाते. म्हणजे ३० मीटर उंच इमारतीने आपल्या हद्दीपासून सुमारे सहा मीटर दूर राहायला हवे. ते प्रत्यक्षात सोडले आहे का, हे तपासण्यासाठी माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागा आणि कायद्याने दिलेल्या तीस दिवसांची वाट पाहत बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात टेप घेऊन जागेवर मोजमाप करून ठेवा. अंतर पुरेसे सोडलेले असेल तर महापालिकेकडे तक्रारीला फारसा आधार उरत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वीस वर्षे अखंडपणे खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा आणि हवेचा हक्क दिवाणी न्यायालयात मांडता येतो. मात्र तेथे उजेड घटला एवढे सांगून भागत नाही, घटल्यामुळे घर वापरणे लक्षणीयरीत्या कठीण झाले हे सिद्ध करावे लागते. गच्चीवरून दिसणारा देखावा हा या हक्कात येत नाही, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, बहुतेक तक्रारींच्या मुळाशी गेलेला देखावाच असतो.

प्रश्न : नागाळा पार्क परिसरात नवव्या मजल्यावरील सदनिका घेण्याचा विचार आहे. विकासक म्हणतात, एवढ्या उंचीवर पूर येणे अशक्य आहे. हे पटण्यासारखे आहे का? — एक वाचिका, कसबा बावडा

पाणी नवव्या मजल्यावर येणार नाही, हे खरे आहे. प्रश्न असा आहे की, आपण नवव्या मजल्यावरून खाली कशा येणार.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत तेथील पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. आपल्या भागातल्या रहिवाशांना ते दिवस सांगायला नकोत. इमारतीचा वीजमीटरचा फलक, जनरेटर, पाण्याची भूमिगत टाकी आणि लिफ्टचा खड्डा या चारही गोष्टी सहसा तळमजल्यावर किंवा त्याखाली असतात. त्या पाण्यात गेल्या की नववा मजला कोरडा राहूनही राहण्याजोगा राहत नाही : दिवे नाहीत, पंप चालत नाही, नळाला पाणी नाही आणि सत्तरीच्या आईला नऊ मजले पायी उतरवायचे. भूमिगत टाकीत पुराचे पाणी शिरले असेल तर ती धुऊन काढेपर्यंत पिण्याचे पाणीही बाहेरून आणावे लागते.

पूररेषांचा अर्थही नीट समजून घ्यावा. निळी रेषा सुमारे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी मिळू शकते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची नव्व्याण्णव वर्षे निश्चिंत राहा, असा मुळीच नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, असा तो आहे. आपण तीस वर्षांचे गृहकर्ज घेणार असाल तर त्या मुदतीत असा पूर किमान एकदा पाहण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के, म्हणजे चारात एक पडते. पंचवीस वर्षांच्या पुराची शक्यता याच हिशेबाने सत्तर टक्क्यांच्या घरात जाते.

तेव्हा विकासकाला मजल्याची उंची विचारू नका. मीटरचा फलक आणि जनरेटर कोणत्या पातळीवर आहेत, जोते लाल रेषेपेक्षा किती वर आहे आणि पूर असताना मुख्य रस्त्यापर्यंत कोरड्या पायांनी जाता येते का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर २०१९ ची खूण बहुधा अजून असेल. जयंती नाल्याच्या जवळची जागा असेल तर अधिक बारकाईने पाहा, कारण नदी फुगली की पाणी नाल्यातून उलटे चढते आणि नदीपासून दूर वाटणारी घरेही त्यात सापडतात.

प्रश्न : आमच्या नियोजित इमारतीच्या खालचे दोन मजले केवळ खांबांवर उभे असलेले पार्किंग आहेत. भूकंपात हे धोक्याचे असते, असे ऐकले. कितपत खरे आहे? — एक वाचक, ताराबाई पार्क

खरे आहे, पण ते रचनेवर अवलंबून आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ इमारती खाली मोकळे पार्किंग असलेल्या होत्या. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्यामुळे तो भाग ताठ होतो, खालचा मजला मात्र नुसत्या खांबांवर राहतो. जमीन हलली की सगळा ताण त्या लवचिक मजल्यावर येतो आणि खांब मोडतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण असलेल्या या भागाने हा मुद्दा किरकोळ मानू नये.

उपाय अवघड नाही. काँक्रीटच्या कातरभिंती, ज्यांना अभियंते शिअर वॉल म्हणतात, त्या वरून थेट पायापर्यंत अखंड नेलेल्या असाव्यात. संरचना अभियंत्याने आयएस १८९३ आणि आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकांनुसार आरेखन केल्याचे लेखी मागा. ताबा घेतल्यानंतरची काळजी आपली आहे. अनेक नव्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओतल्या जातात. अशा घरात स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी भिंत पाडणे म्हणजे इमारतीचा पाय तोडणे होय.

प्रश्न : आमच्या इमारतीत एका मजल्यावर मोकळी जागा सोडली आहे. समिती तेथे कार्यालय करू पाहते. चालेल का? — एक वाचिका, रुईकर कॉलनी

चालणार नाही. ते आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबण्याचे आश्रय क्षेत्र आहे. तीस मीटरपेक्षा उंच इमारतीत पहिले आश्रय क्षेत्र चोवीस मीटरच्या आसपास आणि त्यानंतर दर सातव्या राहत्या मजल्यावर अपेक्षित असते. तेथे टेबल, कपाट किंवा जुन्या सायकली काहीही ठेवू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. गेल्या जुलैचे प्रमाणपत्र समितीकडे आहे का, तेवढे विचारून पाहा.

प्रश्न : शहराच्या हद्दीबाहेर, पाचगाव बाजूला, कमी दरात सदनिका मिळत आहे. ऐंशी सदनिकांची योजना आहे. घ्यावी का? — एक नोकरदार वाचक

कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली. त्यानंतर दशकानुदशके हद्दवाढ झाली नाही आणि २०११ च्या जनगणनेत ५,४९,२३६ लोकसंख्या त्याच हद्दीत मोजली गेली. शहर मात्र हद्दीपाशी थांबले नाही. भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, म्हणजे इमारतीच्या नियोजनाला एक यंत्रणा मिळाली. नळाचे पाणी आणि कचरा मात्र मुख्यतः ग्रामपंचायतीच्याच भरवशावर राहतो.

माणशी रोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर ऐंशी घरांत चौघांच्या हिशेबाने रोज ४३,२०० लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे चार टँकर भरूनही ते पुरे होत नाही. यांतील सुमारे ऐंशी टक्के, म्हणजे ३४,५०० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडणार. ते कोठे जाणार, याचे उत्तर योजनेच्या कागदांत शोधा. कागदावर सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर ते चालवण्याचा मासिक खर्च देखभाल शुल्कात धरला आहे का, हेही पाहा, कारण वीजबिल परवडत नाही म्हणून असे केंद्र बंद ठेवले जाण्याची भीती असते. दर कमी आहे तो याच कारणांमुळे, आणि फरकाची रक्कम पुढे टँकरवाल्याला द्यावी लागणार असेल तर ती आजच हिशेबात धरावी. मला विचाराल तर, एप्रिल आणि मे महिन्यांत त्या परिसरातल्या जुन्या इमारतींनी किती टँकर मागवले, हे तेथील पहारेकऱ्यांकडून समजून घेतल्याशिवाय मी विसार देणार नाही.

प्रश्न : आम्ही दहा मजली इमारतीत सदनिका घेतली, करार नोंदवला आहे. आता विकासक आणखी दोन मजले चढवणार असून संमतीपत्रावर सही मागतो. नाही म्हटले तर? — एक दाम्पत्य, कळंबा

नाही म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार मंजूर नकाशात असा बदल करायचा असेल तर विकासकाला सोडून उरलेल्या सदनिकाधारकांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची लेखी पूर्वसंमती लागते. आपल्या करारात ‘भविष्यातील सर्व बदलांना संमती आहे’ असे वाक्य असण्याची दाट शक्यता आहे. त्याने घाबरू नका. अशी सरसकट संमती ही विशिष्ट बदलासाठीची जाणीवपूर्वक दिलेली संमती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या मोफा, म्हणजे सदनिका मालकीविषयीच्या, कायद्याखाली म्हटलेले आहे.

सहीचा निर्णय घेण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा : वाढीव दोन मजल्यांचा भार धरून पाया मुळातच आरेखित केला होता, असे संरचना अभियंत्याचे पत्र, पार्किंगचा सुधारित नकाशा, आणि ताब्याची तारीख पुढे जाणार असल्यास ती किती. पहिले पत्र मिळाले नाही तर बाकीच्या दोहोंकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. ताबा लांबला तर कलम १८ खाली व्याज मागता येते, पण नवी तारीख मान्य असल्याचे आपणच लिहून दिलेत तर ती मागणी दुबळी होईल. उत्तर तोंडी देऊ नये. इतर सदनिकाधारकांना विचारून एकत्रित पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि त्याची पोच करारासोबत जपून ठेवा.