सिडनीहून दोन दिवसांत वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यान होईल का? ज्वालामुखी खरंच दिसतो का?

दोन दिवस कमी पडतील. सिडनीहून कूनाबराब्रन हे उद्यानाजवळचं गाव गाठायलाच सहा-सात तास लागतात, पुढे उद्यानापर्यंत अर्धा तास. जाण्यायेण्याचे दिवस सोडून मधला एक अख्खा दिवस हातात ठेवा आणि रात्री उद्यानातच, कॅम्प ब्लॅकमनला तंबूत काढा.

धगधगतं विवर मात्र डोक्यातून काढून टाका. हा ज्वालामुखी साधारण १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच थंडावला. आज दिसतो तो त्याचा झिजून उघडा पडलेला गाभा. ब्रेडनाइफ नावाचा खडकच बघा ना! भेगेत घुसलेला लाव्हा तिथेच थिजला, भोवतीचा ठिसूळ भाग ऊनपावसाने झडून गेला आणि जवळजवळ ९० मीटर उंच, जाडीला जेमतेम काही मीटर अशी भिंत तेवढी उरली. सह्याद्रीत भटकलेल्यांना फरक लगेच जाणवतो. आपल्याकडे लाव्हा थरावर थर पसरला, म्हणून डोंगरांना टप्पे आणि सपाट माथे. इथे एकेकटे सुळके आणि घुमट.

ग्रँड हाय टॉप्सची वाट साधारण १४ किलोमीटरची आहे, शेवटचा चढ दमवतो. तरी जमत असेल तर ती चुकवू नकाच, कारण ब्रेडनाइफ पायथ्याशी उभं राहून बघण्यात जी मजा आहे ती लांबून नाही. पाणी भरपूर घ्या, वाटेत भरवशाचं पाणी नाही. मुलं लहान असतील तर व्हाइटगम लुकआउट, जाऊन-येऊन एक किलोमीटर.

जानेवारी २०१३च्या वणव्यात उद्यानाचा बहुतेक भाग होरपळला होता. मी गेलो तेव्हा काळ्या पडलेल्या निलगिरीच्या खोडांना थेट सालीतून पालवी फुटलेली होती, बुंध्यापासून वरपर्यंत.

कांगारू शोधावे लागत नाहीत. संध्याकाळी तंबूंच्या मधल्या गवतावर चरायला येतात; एकीच्या पोटपिशवीतून पिल्लाचे नुसते लांब पाय बाहेर आलेले मुलांनी कितीतरी वेळ बघितले. एमूही फिरकतात. कुणालाही पाव-बिस्किटं घालू नका, त्यांना ती बाधतात.

आणि रात्रीचं आकाश! ऑस्ट्रेलियातलं हे पहिलं डार्क स्काय पार्क (म्हणजे जिथे रात्रीचा अंधार दिव्यांच्या उजेडापासून जपला जातो), २०१६ पासून. शेजारीच सायडिंग स्प्रिंग वेधशाळा आहे. अमावास्येच्या आसपास जा, आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते.

सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, पांघरुणं जास्त घ्या. कॅम्पची जागा आधीच ऑनलाइन राखून ठेवा, आणि दिवेलागणीच्या आत पोचा. त्या वेळी कांगारू हमखास रस्त्यावर असतात.