स्केल मॉडेलच्या किटमध्ये (सुटे भाग जोडून बनवायच्या छोट्या प्रतिकृतींमध्ये) लढाऊ विमाने भरपूर मिळतात, मग प्रवासी विमाने इतकी कमी का?

प्रवासी विमानांची किट कमी निघण्याचे मुख्य कारण त्यांचा आकार हे आहे. लढाऊ विमानांसाठी रूढ असलेल्या १/७२ प्रमाणात (म्हणजे खऱ्या विमानाच्या ७२ पट लहान) स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान जेमतेम १३ सेंटिमीटर लांब होते, तर सुमारे ७०.७ मीटर लांबीचे बोइंग ७४७-४०० तब्बल ९८ सेंटिमीटर भरते. म्हणून मोठी प्रवासी विमाने बहुधा १/१४४ प्रमाणात काढली जातात आणि संग्रहात लढाऊ विमानांशेजारी ती जुळत नाहीत. शिवाय विमानाच्या धडाच्या दोन अर्ध्या भागांमधला सांधा चकचकीत पांढऱ्या रंगाखाली लगेच उठून दिसतो. पुटी भरून तो पुन्हा पुन्हा घासण्याची चिकाटी नवख्याकडे क्वचितच असते, आणि माझ्या मते मागणी इथेच घटते. मात्र टंचाई सरसकट नाही, कारण १/१४४ मध्ये झ्वेझ्दा आणि रेव्हेल या दोन्ही किट कंपन्यांनी एअरबस ए३२० व बोइंग ७३७-८०० काढली आहेत.