बडोद्यात ‘तक्रार’ नव्हे, ‘फरियाद’

शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच शब्दाभोवती फिरणारे आहेत.

प्रश्न : माहेर साताऱ्याचे, सासर बडोद्याचे. सोसायटीच्या पाण्यासाठी गुजरातीत अर्ज लिहिला. त्यातले ‘में तकरार करी छे’ वाचून शेजारच्या बेन हसू लागल्या. चुकले कुठे? (दांडिया बाजार)

उत्तर : व्याकरण बिनचूक होते, शब्दही गुजरातीच. फक्त अर्थ झाला ‘मी भांडण केले आहे’. गुजरातीत तकरार म्हणजे दोघांमधला वाद, बाचाबाची. गाऱ्हाणे मांडायचे असेल तर शब्द ‘फरियाद’. विषयाच्या ओळीत ‘पाणी न आववा बाबत फरियाद’ लिहा, मजकुरात ‘अगाउ फरियाद नोंधावी छे’, म्हणजे आधी तक्रार नोंदवली आहे. तक्रार करणारा तो फरियादी.

लक्षात ठेवायला सोपी खूण म्हणजे शब्दासोबत येणारे अव्यय. मराठीत तक्रार कुणाविरुद्ध किंवा कशाबद्दल असते. गुजरातीत तकरार कुणाची ‘साथे’ होते, म्हणजे तिला समोर दुसरा माणूस लागतो. नळाला पाणी नाही याबद्दल फरियाद होईल. पाणी सोडणाऱ्याशी जुंपली तर तकरार.

दवाखान्यातही हा घोळ होतो. ‘गुडघ्याची तक्रार आहे’ हे मराठीत सरळ वाक्य. गुजराती डॉक्टरांपुढे ‘घूंटणनी तकलीफ’ म्हणा.

एका ठिकाणी मात्र तकरार बदलू नका. हक्क सोडल्याच्या किंवा संमतीच्या गुजराती कागदात ‘कोई वांधो के तकरार नथी’ असे ठरीव वाक्य येते. त्याचे मराठी ‘भांडण नाही’ असे करणारे भाषांतरकार आहेत, ते चूक. तिथे अर्थ ‘हरकत वा तक्रार नाही’ असाच आहे. थोडक्यात, ‘नथी’ पुढे असेल तर दोन्ही भाषांचे जमते. ‘छे’ आले की वाटा फुटतात.

प्रश्न : मग ‘ग्राहक तक्रार निवारण’ आणि गुजरातीतले ‘ग्राहक तकरार निवारण’ ही एकच गोष्ट की दोन? (कारेलीबाग)

उत्तर : संस्था एकच, वाचणाऱ्याच्या मनात उमटणारा अर्थ वेगळा. कायद्यातल्या इंग्रजी नावात ‘डिस्प्यूट्स’ आहे, ‘कम्प्लेंट’ नाही. हिंदीत त्याचे ‘उपभोक्ता विवाद’ झाले, गुजरातीत तकरार, आणि ते अचूक बसले. मराठीत तक्रार लिहिले की आपण ‘गाऱ्हाणे’ असे वाचतो, पाटीवरचा ‘वाद’ आपल्या नजरेतून निसटतो.

हा भेद नुसता कोशातला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत. ग्राहक लेखी आरोप दाखल करतो ती कम्प्लेंट. समोरच्याने तो आरोप नाकारला की डिस्प्यूट उभा राहतो. गुजरातीत हा क्रम सुरेख सांगता येतो : आधी फरियाद, तिचा इन्कार झाला की तकरार. मराठीत दोन्ही पायऱ्यांना तक्रार म्हटले तर वकिलालाही पुन्हा समजावून घ्यावे लागते. पहिलीला तक्रार, दुसरीला वाद म्हणणे बरे.

प्रश्न : ‘तक्रार’ हा ‘तकरार’चा अपभ्रंश आहे का? मूळ अर्थ काय? (राजमहाल रोड)

उत्तर : अपभ्रंश मुळीच नाही, उलट मराठी लेखनच मुळाला जवळचे आहे. अरबी शब्दात क आणि र यांच्यामध्ये स्वर नाही : तक्, मग रार. देवनागरी हिंदीत पूर्ण क लिहितात, पण बोलताना तोही मोडूनच बोलतात. मराठीने जोडाक्षर करून ऐकले तसे लिहिले.

मराठी नेहमीच इतकी सरळ वागते असे नाही. जोडव्यंजन शब्दाच्या शेवटी आले की ती मध्ये स्वर घालते : फिक्रचे फिकीर, हुक्मचे हुकूम, नक्लचे नक्कल. कुफ्लचे तर तिने कुलूप केले, म्हणजे स्वर घालून व्यंजनांची अदलाबदलही केली. तक्रारमध्ये जोडाक्षर मधोमध आहे, म्हणून ते तगले.

मूळ अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणे’. धातू क-र-र, त्यातला ‘कर्र’ म्हणजे मागे वळून पुन्हा चालून जाणे. अरबी घोडदळाच्या लढाईत ‘कर्र व फर्र’ अशी जोडी आहे : चाल करा, पळ काढा, परत या. फर्रच्या धातूतून आपला फरार आला, कर्रच्या धातूतून तक्रार. गनिमी काव्याचे वर्णन दोन अक्षरांत करायचे तर ही जोडी वाईट नाही. तक्रारच्याच साच्यात ओतलेला, हिंदीत नेहमी ऐकू येणारा दुसरा शब्द म्हणजे तादाद, धातू अ-द-द, मोजणे.

फारसीत हा शब्द आजही पुनरावृत्ती याच अर्थाने चालतो. तुर्कीत ‘तेक्रार’ म्हणजे पुन्हा, परत एकदा. उर्दूत दोन्ही अर्थ नांदतात, पुनरुक्ती आणि वादावादी. तेच ते बोलणे, त्याला तेच ते उत्तर, यातून भांडण व्हायला वेळ लागत नाही. गुजराती आणि हिंदी बोलचालीत दुसरा अर्थ उरला. मराठी आणखी एक पायरी पुढे गेली : वादातून आक्षेप, आक्षेपातून गाऱ्हाणे. मधली पायरी ‘बिनतक्रार’मध्ये अजून शाबूत आहे. ‘रक्कम बिनतक्रार देईन’ यात कुणी गाऱ्हाणे करत नाही, आक्षेप न घेता देईन एवढेच म्हणतो.

खुद्द अरबीत या धातूला एक वेगळीच पालवी फुटली. ‘तक्रीर’ म्हणजे शुद्धीकरण, साखरेचे किंवा खनिज तेलाचे, कारण तेच द्रव्य पुन्हा पुन्हा प्रक्रियेतून जाते. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतला माणूस आखातात नोकरीला गेला तर त्याला हा शब्द पाटीवर दिसेल. तिथे भांडण चालले आहे असे त्याने समजू नये.

प्रश्न : ‘करार’ आणि ‘तक्रार’ एकाच धातूचे ना? करार मोडला की तक्रार, असे शाळेत ऐकले होते. (रावपुरा)

उत्तर : वाक्य चटपटीत आहे, व्युत्पत्ती चुकीची. अरबीत दोन क आहेत. एक आपल्यासारखा, दुसरा पडजिभेपाशी उच्चारला जाणारा. हिंदीत तो काटेकोर लिहिणारे खाली नुक्ता देतात. करार या दुसऱ्या क़चा. त्याच्या धातूचा अर्थ ठरणे, स्थिर होणे : करार ठरलेला, बेकरार अस्थिर, इकरार कबुली. तक्रार पहिल्या कची. मराठी आणि गुजराती दोन्ही क सारखेच लिहितात, म्हणून ही सोयरीक जमल्यासारखी वाटते.

सगळ्यात फसवा आहे मुकर्रर. मुशायऱ्यात श्रोते ‘मुकर्रर’ म्हणतात तो साध्या कचा, तक्रारचा सख्खा भाऊ : शेर पुन्हा म्हणा. ‘तारीख मुक्रर केली’ यातला क़चा, करारच्या घरचा : तारीख ठरवली. संशय आला तर उर्दू शब्दकोशात कोणता क आहे तेवढे पाहा. नुसत्या देवनागरीवरून अंदाज बांधू नका.

प्रश्न : फरियाद आणि आपली फिर्याद? (वाडी)

उत्तर : शब्द एकच, फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. मराठीने तो पोलीस ठाणे आणि फौजदारी कोर्टापुरता ठेवला, गुजरातीने नळापासून खुनापर्यंत सगळीकडे वापरला. त्यामुळे ठाण्यात मराठी माणसाची गफलत होत नाही, सोसायटीच्या ऑफिसात होते. अशा जोड्या तपासायला बडोद्यातच उत्तम साधन आहे : 1931 चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’, ज्यात राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत शेजारी-शेजारी मांडले आहेत. जुन्या ग्रंथालयात मिळाला तर मराठी आणि गुजराती रकाने एकत्र वाचा, एकटा रकाना वाचून उपयोग नाही.

प्रश्न : ‘हरकत नाही’ गुजरातीत चालेल का? (प्रतापनगर)

उत्तर : बिनधास्त. ‘हरकत नहीं’ तिथेही त्याच अर्थाने म्हणतात. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. मराठी आणि गुजरातीत ती अडथळा झाली. जपायचे ते हिंदीशी बोलताना. तिथे हरकत म्हणजे कृती, बहुधा वाईट. मध्य प्रदेशातल्या व्याह्यांना ‘हमें कोई हरकत नहीं’ असे सांगू नका, ‘एतराज़ नहीं’ म्हणा. तोही अरबीच.