पैशाचा पत्ता

प्रश्न : माझे थोरले बंधू १९८४ मध्ये अमेरिकेला गेले. बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला होते, मग पिट्सबर्गला. वहिनी गेल्यावर २०११ मध्ये ऐरोलीला परत आले. मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी दादा वारले. परवा त्यांच्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात तीन कागद मिळाले. एक, जुन्या नोकरीतला शेवटच्या पगाराचा चेक, न वटवलेला, त्यावर एडिसनचा पत्ता. दुसरा, पिट्सबर्गच्या दुकानातून घेतलेल्या मनिऑर्डरीची पावती. तिसरं ब्रोकर कंपनीचं पत्र, ऐरोलीच्या पत्त्यावर आलेलं : खात्यात हालचाल नाही म्हणून शेअर डेलावेअर राज्याकडे जमा होतील. दादा डेलावेअरला कधी राहिलेच नाहीत! आता एक एजंट फोन करून सांगतो, 'तीन राज्यं तुमच्या पैशांवर भांडतायत, ३० टक्के द्या, सोडवतो.' काय करावं?
– एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : ताई, त्या एजंटला आधी लांबूनच नमस्कार करा. अमेरिकेत बरीच वर्षं कोणी न मागितलेला पैसा कंपन्या राज्याकडे जमा करतात, म्हणून राज्यं भांडतात हे खरं आहे, पण दादांच्या डब्यावरून नाही. त्या भांडणाचा मूळ नियम ठरून साठ वर्षं झाली.

तो कसा ठरला ते सांगतो, कारण तुमचे तिन्ही कागद त्यातच बसतात. सन ऑइल नावाच्या तेल कंपनीकडे सुमारे १,७३० लोकांचं किरकोळ देणं पडून होतं. काही रकमा सात वर्षं, तर काही चाळीस वर्षं. कोणी मागायलाच आलं नाही. एकूण रक्कम २६,४६१ डॉलर ६५ सेंट. माणशी हिशेब केला तर पंधरा-सोळा डॉलर! तेवढ्यासाठी चार राज्यं सर्वोच्च न्यायालयात. टेक्सास म्हणालं, या देण्यांचा जास्त संबंध आमच्याशी आहे. न्यू जर्सी म्हणालं, कंपनीची नोंदणी आमच्याकडची. पेनसिल्व्हेनिया म्हणालं, मुख्य कचेरी आमच्याकडे. मागाहून आलेल्या फ्लोरिडाने साधा मुद्दा मांडला : ज्याचे पैसे, त्याचा कंपनीच्या वहीतला शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, पैसे त्या राज्याचे.

१९६५ मध्ये न्यायालयाने फ्लोरिडाचं ऐकलं. पत्ताच नसेल तर कंपनी जिथे स्थापन झाली ते राज्य, हा दुसरा नियम. निकालपत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. न्यायालयाने सरळ म्हटलं की हा प्रश्न निव्वळ तर्कशास्त्राचा नाही, न्याय्य काय आणि राबवायला सोपं काय याचा आहे. मी बँकेच्या नौपाड्यातल्या शाखेत एकतीस वर्षं लेजर सांभाळले, त्यामुळे हे लगेच पटलं. 'जास्त संबंध कुणाशी' हे ठरवायला प्रत्येक खात्यामागे एक वकील लागला असता. पत्ता बघायला कारकून पुरतो.

आता तुमचा डबा. पगाराच्या चेकवर एडिसन आहे, म्हणजे तो पैसा न्यू जर्सीत शोधायचा. ब्रोकरकडे दादांनी ऐरोलीचा पत्ता दिला तेव्हा अमेरिकेतला पत्ता वहीतून गेला. पत्ता परदेशातला आणि कंपनी डेलावेअरमध्ये स्थापन झालेली, अशा वेळी डेलावेअरचा कायदा ती मालमत्ता आपल्याकडे घेतो. दादा तिथे राहिले नसतील, पण कंपनीचा जन्म तिथला. असंख्य अमेरिकी कंपन्यांचा तिथलाच, म्हणून एवढ्याशा राज्याच्या तिजोरीत या पैशांचा वाटा मोठा.

मनिऑर्डरीची गोष्ट वेगळी. आपल्याकडे मनिऑर्डर म्हणजे पोस्टमनने दारात मोजून दिलेले पैसे. तिकडे ती दुकानातून विकत घ्यायची चिठ्ठी असते आणि घेणाऱ्याचा पत्ता बहुतेक कुणी लिहून घेत नाही. १९७२ मध्ये वेस्टर्न युनियन या पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या अशाच चिठ्ठ्यांवरून वाद झाला तेव्हा न्यायालय जुन्या नियमावर ठाम राहिलं. जिथे पत्ता नाही ते सगळं कंपनीच्या राज्याला, म्हणजे न्यूयॉर्कला. बाकीची राज्यं चडफडली. १९७४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला की मनिऑर्डर आणि प्रवासी धनादेश जिथे विकत घेतले, पैसा त्या राज्याचा. तुमची पावती पिट्सबर्गची, तेव्हा पेनसिल्व्हेनिया. याच कायद्यावर बोट ठेवून २०२३ मध्ये मनीग्राम या तशाच कंपनीच्या काही चेकांचे पैसे डेलावेअरच्या हातून सुटले.

यात घाबरण्यासारखं काही नाही. या तिन्ही राज्यांत सरकार राखणदार असतं, मालक नव्हे. वारसाचा हक्क मुदत गेली म्हणून बुडत नाही. घाई आहे ती फक्त शेअरची. बरीच राज्यं शेअर काही काळाने विकून टाकतात आणि मग हातात तेव्हाची रोकड येते, पुढची वाढ नाही. म्हणून ब्रोकरला आजच लेखी कळवा. पत्रात 'जमा होतील' म्हटलंय, 'झाले' नव्हे, पण पत्र जुनं आहे, तेव्हा एव्हाना झाले का, तेही विचारा. राज्यांच्या खजिन्यांच्या संकेतस्थळांवर नाव शोधायला पैसे पडत नाहीत. एजंट ३० टक्के मागतो ते या शोधाचेच.

कष्ट आहेत ते कागदांचे. दादा कायमचे इथे परतले होते, त्यामुळे रोकड-शेअरच्या वाटणीला आपलाच वारसा कायदा. पत्नी, मुलं, आई-वडील कोणी मागे नसेल तर भावंडं सारख्या हक्काने येतात. तुम्हाला आणखी भावंडं आहेत का, हे पत्रात नाही. असतील तर आधी त्यांच्याशी बोला. घरातला वाद कुठलंच राज्य सोडवत नाही, ते न्यायालयाकडे बोट दाखवतं आणि फाइल बंद करतं. महापालिकेचा मृत्यूचा दाखला आणि न्यायालयाचं वारसाविषयीचं प्रमाणपत्र लागेल, त्यावर अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्काही मागतील. काही प्रकरणांत तिथल्या न्यायालयाचा कागदही लागतो, म्हणून आधी तिन्ही राज्यांना ईमेल करून यादी मागवा, मगच वकिलाकडे जा. उलट केलंत तर खर्च दुप्पट.

प्रश्न : आपल्याकडे महाराष्ट्र आणि गुजरात असे भांडतात का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : कोणी न मागितलेल्या पैशांवर भांडायला फारसा वावच नाही, कारण तो पैसा राज्यांकडे जातच नाही. बँकेतली ठेव दहा वर्षं कोणी हात लावला नाही की रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि लाभांश सात वर्षांनी केंद्राच्या गुंतवणूकदार निधीत, पुढे शेअरही त्याच वाटेने. वारसच नसलेली मालमत्ता मात्र ज्या राज्यात असेल त्या राज्याची, नाहीतर केंद्राची, हे घटनेच्या २९६व्या कलमात आहे.

पत्त्याचा घोळ मात्र इथेही तोच. आमच्या बाबांच्या शेअरवर चरईतल्या चाळीचा पत्ता होता. चाळ पाडली, टॉवर झाला, लाभांशाची पाकिटं 'पत्त्यावर नाही' शेऱ्याने परत गेली. कंपन्यांना अशा भागधारकांची नावं आणि शेवटचे पत्ते संकेतस्थळावर लावावे लागतात. त्या यादीत बाबा अजून खोली नंबर नऊमध्येच राहत होते! सोडवायला मला चौदा महिने लागले, त्यातले पाच तर सहीतल्या एका वेलांटीपायी.

बँकेतल्या जुन्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. तिथे शोधायचं, पण अर्ज त्या-त्या बँकेतच करायचा. आडनाव दोन-तीन स्पेलिंगांनी घालून बघा, जुन्या पासबुकांवर एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. काही मी स्वतःच लिहिलेली.