नंबर जुळले, आता बीड तपासा

वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारी आणि त्यांची इंजिनं

प्रश्न : १९६३ सालची जॅग्वार ई-टाइप कूपे विकत घ्यायचा विचार आहे. ३.८ लिटरची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. मालक म्हणतात, इंजिन कारखान्यातून आलेलं तेच आहे. ब्लॉकवरचा नंबर आणि बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर एक आहे, जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र आहे, त्यावरही तोच नंबर आहे. मात्र हेडच्या पुढच्या अंगाला वेगळाच नंबर दिसला. हे इंजिन अस्सल समजायचं का?

उत्तर : हेडवरचा नंबर पाहिलात हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक ब्लॉकपाशीच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडापाशीच थांबतात. पण मला काळजी हेडची वाटत नाही. हे हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारं झाकण, ॲल्युमिनियमचं. इंजिन एकदा जोरात तापलं की ते वाकतं, पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या जातात. साठ वर्षांत कुणीतरी दुसऱ्या इंजिनाचं हेड चढवलं असेल, यात नवल काही नाही. जॅग्वार हेडवरही इंजिनाचाच नंबर ठोकत असे, म्हणून बदल लगेच लक्षात येतो. किंमत ठरवताना तो धरा आणि पुढे चला.

मला विचारात पाडतात त्या जुळलेल्या तीन गोष्टी. पट्टी म्हणजे पातळ पत्रा, रिव्हेटवर बसवलेला. तशा कोऱ्या पट्ट्या नव्या बनवून मिळतात. प्रमाणपत्र कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून बनतं. कॉव्हेंट्रीतून गाडी बाहेर पडली तेव्हा तिच्यात कोणतं इंजिन होतं, ते त्यात लिहिलेलं असतं. आज बॉनेटखाली काय आहे, ते त्या कागदाला ठाऊक नसतं. आणि ज्याला खोटा नंबर ठोकायचा आहे त्याच्या हाती तो कागद आधी पडला, तर कोणते अंक ठोकायचे ते त्याला आयतंच कळतं. म्हणजे तीन पुरावे दिसत असले तरी साक्षीदार एकच, ती नोंदवही. बाकीचे दोन तिच्यावरून उतरवता येतात. म्हणून मी कागद बाजूला ठेवतो आणि बीड, म्हणजे ब्लॉकचं ओतीव लोखंड, पाहतो.

ई-टाइपमध्ये ब्लॉकवरचा नंबर उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर असतो. तिथे तेल आणि धूळ मिळून वर्षानुवर्षांचा काळा थर बसतो. तो मऊ ब्रश आणि डीग्रीझरने काढा. रंग असेल तर रंग उतरवायचं रसायन वापरा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यांतलं काहीही तिथे लावू देऊ नका, मेकॅनिक कितीही घाई करो. जो पृष्ठभाग तुम्हाला वाचायचा आहे, तोच त्यात घासून जातो. अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवी धरा, म्हणजे बारीक ओरखडेही सावल्या टाकतात. त्या उजेडात फोटो काढा.

आता अंकांकडे नंतर, आधी त्यांच्या भोवतीच्या जागेकडे बघा. कारखान्यात यंत्राने सपाट केलेली जागा कडेपर्यंत एकसारखी असते. जुना नंबर घासून काढला की तिथे उथळ बशीसारखा खड्डा पडतो. स्टीलची पट्टी आडवी धरली तर तिच्याखालून उजेड येतो. माझ्याकडे बांधणीला आलेल्या एका ब्लॉकवर जागा अगदी सपाट होती, पण जिथे ती उभ्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात चाकाचे अर्धगोल ओरखडे राहून गेले होते. तिथे कानस पोचत नाही आणि ग्राइंडरचं चाक पूर्ण बसत नाही. गाडीच्या मालकांना मी तो कोपरा भिंगातून दाखवला, तेव्हा त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मग अंक. ते हाताने, एकेक पंच धरून हातोडीने मारलेले असत. त्यामुळे ओळ थोडी वरखाली होणं, एखादा अंक खोल तर शेजारचा उथळ असणं हे चांगलं लक्षण आहे. अंकांच्या कडा जुन्या आणि बोथट हव्यात, तळाशी मळ आणि जुना रंग हवा. कडा चकचकीत आणि तळ स्वच्छ असेल तर तो ठोका ताजा आहे. ई-टाइपच्या ३.८ इंजिनाचा नंबर 'आर' किंवा 'आरए' ने सुरू होतो आणि शेवटी ८ किंवा ९ असतो. तो कॉम्प्रेशनचा आकडा, आठास एक किंवा नवास एक. हा शेवटचा अंक प्रमाणपत्रावर आहे आणि ब्लॉकवर नाही, असं झालं तर तिथेच थांबा. ४.२ लिटरचं इंजिन १९६४ च्या ऑक्टोबरपासून आलं, त्याचे नंबर '७ई' ने सुरू होतात. एक्सजे-सिक्स सलूनचं ४.२ इंजिनही जॅग्वारच्या एक्सके या इंजिन-घराण्यातलंच आणि त्याची सुरुवात '७एल' ने होते. सलूनची इंजिनं या गाड्यांत बसवली गेली आहेत, आणि ती बसतातही व्यवस्थित. सुरुवातीची अक्षरं घासलेली दिसली की माझा पहिला संशय तिथेच जातो.

इतकं करूनही मन खात्री देत नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर प्रयोगशाळेचा मार्ग आहे. पंचाचा ठोका बसतो तेव्हा दिसणाऱ्या अंकाच्या बऱ्याच खालपर्यंत धातू दाबला जातो. वरचा थर घासला तरी तो दाब आत उरतो. आम्लाने किंवा चुंबकीय पद्धतीने न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञ जुना अंक पुन्हा उठवू शकतात. दर वेळी यश येतं असं नाही. पण 'आम्ही तशी तपासणी करून घेणार आहोत' एवढं मालकांना सांगून बघा. ज्याचा ब्लॉक खरा आहे तो सहसा हरकत घेत नाही.

आणखी दोन कामं. एक, गिअरबॉक्सचा नंबर वाचा. पट्टीवर तोही असतो आणि खोटेपणा करणाऱ्याचं लक्ष बहुधा इंजिनावरच असतं. दोन, चासी नंबर पुढच्या आडव्या चौकटीवर उजवीकडे, शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाजवळ ठोकलेला असतो. उजव्या हाताच्या कूपेचे नंबर ८६०००१ पासून सुरू होतात. ही पुढची चौकट बोल्टने जोडलेली असते, गंजली की बदलतात. नव्या चौकटीवर नंबर कुणी आणि केव्हा ठोकला, हे विचारायलाच हवं. आणि प्रमाणपत्राच्या तारखेपेक्षा जुना एखादा कागद मागा, ज्यावर इंजिन नंबर लिहिलेला आहे. वर्कशॉपचं बिल, विम्याची पावती, नोंदणीचं जुनं पुस्तक, काहीही चालेल. असा एक मळका कागद माझ्या लेखी नव्या प्रमाणपत्रापेक्षा मोठा.

प्रश्न : १९६३ ची कॉर्व्हेट आहे, फ्युएल इंजेक्शनची. ब्लॉकवरचा ओतकामाचा नंबर ३७८२८७० त्या सालासाठी बरोबर आहे, असं मी तपासलं. म्हणजे इंजिन मूळचंच ना?

उत्तर : नाही, एवढ्याने काहीच ठरत नाही. साच्यातून उमटलेला तो आकडा ब्लॉकचा प्रकार सांगतो. तसे हजारो ब्लॉक ओतले गेले आणि ते शेव्हरोलेच्या साध्या गाड्यांतही गेले. तुम्हाला तीन तारखांची साखळी जुळवायची आहे.

पहिली तारीख ब्लॉकच्या मागच्या भागात, गिअरबॉक्स बसतो त्या कडेजवळ ओतलेली असते. 'सी २२ ३' म्हणजे सी हा तिसरा महिना, २२ मार्च १९६३. दुसरी तारीख उजव्या हेडच्या अगदी पुढे असलेल्या छोट्या सपाट जागेवर ठोकलेली असते. 'एफ ०४०२ आरएफ' याचा अर्थ फ्लिंटच्या कारखान्यात २ एप्रिलला जोडलेलं इंजिन, आणि आरएफ म्हणजे ३२७ घनइंची, ३६० अश्वशक्तीचं इंजेक्शनवालं. त्याच जागेवर गाडीच्या नंबरातून काढलेले अंक असतात, ३ आणि त्यापुढे चासी नंबरचे शेवटचे सहा. तिसरी तारीख गाडी सेंट लुईसला बनली ती. आधी ओतकाम, मग जोडणी, मग गाडी, हा क्रम उलटला की गोष्ट संपली. जोडणीची तारीख ओतकामाच्या आधीची असलेले ब्लॉकही लोक विकायला आणतात. अंक ठोकणाऱ्याने मागे वाकून ओतकामाची तारीख पाहिलेलीच नसते.

आता त्या सपाट जागेचं मर्म. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर हेड बसतं, आणि ही जागा कारखान्यात ब्रोचिंगच्या, म्हणजे दातेरी हत्याराने सरळ कापणाऱ्या, यंत्रावर एकाच फेरीत कापली जायची. त्यामुळे तिच्यावर पुढून मागे, क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहतात. अंक त्या रेषांवर ठोकलेले दिसायला हवेत. पुढे कुणी ब्लॉकचं फेसिंग केलं, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा कापून सपाट केला, की रेषाही जातात आणि मूळ अंकही. मग जागा आरशासारखी गुळगुळीत होते किंवा तिच्यावर गोल चाकाच्या कमानी उमटतात. गुळगुळीत जागेवर ठसठशीत अंक असतील तर ते नंतरचे आहेत. गुळगुळीत जागा आणि अंकच नाहीत, असं असेल तर मला उलट बरं वाटतं. कुणीतरी इंजिन नीट बांधलं आणि खोटं काही लिहिलं नाही.

सरळ रेषाही हल्ली नकली उमटवतात. त्यांची जाडी आणि अंतर खात्रीच्या दुसऱ्या गाडीच्या फोटोशी ताडून बघा, शक्यतो तुमच्या जोडणीच्या तारखेच्या आसपासच्या. कॉर्व्हेटवाल्यांच्या एनसीआरएस या संस्थेतल्या जाणकारांनी अशा जागा खूप पाहिलेल्या असतात, त्यांचं मत जरूर घ्या.

प्रश्न : वडिलांची १९७४ ची पोर्शे ९११ आता माझ्याकडे आली. २.७ इंजिनाची मूळ क्रँककेस (क्रँकभोवतीचं इंजिनाचं कवच) निकामी झाली म्हणून त्यांनी दुसरी घातली होती, तिच्यावर नंबर नाही. गाडी पुन्हा बांधणारे गृहस्थ म्हणतात की जुना नंबर नव्या केसवर ठोकून देतो, गाडीचाच नंबर आहे, त्यात खोटं काय? मला ते पटत नाही, पण उत्तर देता येत नाही.

उत्तर : ताई, तुमचं मन बरोबर सांगतं आहे. ठोकू देऊ नका. तो नंबर त्या एका क्रँककेसचा होता. दुसऱ्या केसवर तो आला की पुढच्या मालकाला ती पहिलीच वाटणार, आणि नंबर ठोकण्यामागे दुसरा उपयोग कुठलाच नाही. शिवाय अनेक देशांत ओळख-क्रमांकाशी छेडछाड हा गुन्हा आहे. नोंदणीसाठी नंबर लागत असेल तर संबंधित कार्यालयाला खरी हकिगत लिहून द्या आणि ते सांगतील तसं करा.

मला खरी आशा वेगळ्याच गोष्टीची आहे. जुनी केस अजून घरात कुठे पडली आहे का, ते शोधा. २.७ च्या केसेस मॅग्नेशियमच्या. उष्णतेने त्यांतले हेडचे स्टड (हेड धरून ठेवणारे आट्यांचे दांडे) उपटून येतात, आणि त्या काळी कित्येक केसेस तेवढ्यावरून काढून टाकल्या गेल्या. आज त्या भोकांत स्टीलचे थ्रेड-इन्सर्ट बसवून आणि फेसिंग करून अशी केस पुन्हा वापरता येते. तुमची फुटली आहे की फक्त स्टड सुटले आहेत, हे चांगल्या मशीनशॉपला दाखवा. फुटलेली निघाली तरी पुसून, तेल लावून जपा आणि गाडीबरोबर ठेवा. वडिलांनी केस बदलल्याचं बिल सापडलं तर तेही तिच्यासोबत ठेवा. बदललेली केस, शेजारी जुनी केस आणि बिल असलेली गाडी मी डोळे मिटून विश्वासाने घेईन.

प्रश्न : एमजी-बी, १९६३. इंजिनावरची नंबरची पट्टी '१८जी' ने सुरू होते, पण ती फारच नवी दिसते. काय करावं?

उत्तर : या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिव्हेट केलेल्या पत्र्यावर असतो, म्हणजे तो कुठूनही आणून लावता येतो. पट्टीवर वेळ घालवू नका, संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवा. १९६४ च्या अखेरीपर्यंत १७९८ सीसीच्या या इंजिनात क्रँकला तीन मेन बेअरिंग (तो ज्यांवर फिरतो ते आधार) होते, त्यानंतरच्या '१८जीबी' पासून पाच झाले. तुमच्या सालाच्या गाडीत तीन दिसायला हवेत. पाच दिसले तर पट्टी खोटी, वाद उरत नाही. तीन दिसले तर इंजिन त्या काळाचं आहे एवढं ठरलं. मग गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून प्रमाणपत्र मागवून नंबर ताडून बघा. आणि संप उतरवलाच आहे तर ऑइल पंपाची जाळी धुऊन घ्या आणि गॅस्केट नवीन घाला.