जनजागृती नको, आधी भांडी घासणाऱ्या मावशींना विचारा

तुमचा प्रश्न असा, की सहा जण आहात, हातात चार महिने, कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय वस्तीतला शाश्वत विकास, आणि ग्रुपमधले चौघे म्हणतात ओल्या-सुक्या कचऱ्यावर रॅली काढू. नका काढू. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय. घराघरांत कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो, ओला देवगुराडियाच्या कचरा केंद्रात जातो, आणि तिथे २०२२ पासून रोज ५५० टनांपर्यंत कचऱ्यातून बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांत भरायचा गॅस, करायची सोय आहे. आमच्या गल्लीतल्या काकूंना तुम्ही काय शिकवणार? डायपर कुठल्या डब्यात टाकायचा हे त्याच तुम्हाला सांगतील.

उचलायची व्यवस्था पक्की आहे, पण कचरा मुळात होऊ नये यासाठी फारसं कुणी हात घालत नाही. मी आमच्या कॉलनीच्या गणपती मंडळात बरीच वर्षं भांडार सांभाळतो, म्हणून तिथलंच सांगतो. महाप्रसादाच्या पंगतीला थर्माकोलच्या ताटल्या-पेले वापरायचो. १ जुलै २०२२ला एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, थर्माकोल गेलं, त्याची जागा कागदाने घेतली. ढीग तेवढाच. मग एका कॉलेजच्या मुलांनी वर्गणी काढून स्टीलची दोनशे ताटं घेतली, छान कप्प्याकप्प्यांची. उद्घाटन झालं, फोटो झाले, गुण मिळाले. पुढच्या वर्षी ताटं पेटीत आणि पंगत पुन्हा कागदावर.

दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीने, आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं, ते केलं. मंदिरात भांडी घासणाऱ्या मावशींशेजारी जाऊन बसली आणि विचारलं, का नाही चाललं? मावशींनी एक ताट उचलून कप्प्याच्या कोपऱ्यात नख फिरवलं. वाळलेला भात. म्हणाल्या, "इथला भात निघायला साध्या ताटाच्या दुप्पट वेळ जातो. आणि वरचे पैसे कोण देणार?" झालं. दोन वाक्यांत निकाल. साधी गोल ताटं आणली, दर ताटामागे दोन रुपये घासणावळ ठरली, आणि ती ताटांच्या भाड्यातच धरली.

पाण्याचं मात्र आधी मोजा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि बरोबरच विचारतील. नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या, नदीकाठच्या जलूदहून, पंपांनी चढवत आपल्याकडे येतं. ताटं धुवायला ते ओतून टाकणं म्हणजे कागद वाचवून वीज घालवणं. आमच्या मुलांनी पहिल्यांदा पाइप लावला, तर अर्धी टाकी संपली. नंतर तीन टब: पहिल्यात खरकटं काढून घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात शेवटचं पाणी, आणि गढूळलं की तेच पाणी मागच्या टबात. अकरा बादल्यांत भागलं.

टीममधलं म्हणाल तर प्रत्येक ग्रुपमध्ये एक फक्त फोटोपुरता येणारा असतो. त्याच्यावर चिडू नका, त्याला भंगारवाल्याचा ताणकाटा द्या. आमच्याकडच्याने पंगतीनंतरची प्रत्येक पिशवी काट्याला लटकवून फोटो काढला, आदल्या वर्षीच्या वजनाचा आणि या वर्षीचा. अहवालात तेवढंच पान सगळ्यांनी नीट वाचलं. बाकी कामं वाटून घ्या, पण वही एकाच्याच हातात ठेवा. दोन वह्या झाल्या की हिशेब कधी जुळत नाही, हे मंडळातल्या अनुभवाने सांगतो.

वेळ गणेशोत्सवाच्या हिशेबाने आखा. मंडळाशी आणि मावशींशी बोलणं जुलैतच उरका. अनंत चतुर्दशीच्या रात्री कुणालाही काम सांगू नका, अख्खं गाव झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला रस्त्यावर असतं. त्यानंतर लगेच परीक्षेची घाई सुरू होते, म्हणून मोजमाप पंगतीच्या दिवशीच लिहून टाका.

आणि पेटीची किल्ली. तुम्ही पास होऊन निघून जाल तेव्हा ती कुणाकडे असेल, हे प्रस्तावातच लिहा, त्या माणसाला विचारून. आमची मावशींकडे आहे. तुम्हाला सुरुवातीला ताटं हवी असतील तर मंडळाकडून मिळवून देतो. गोल द्यायला लागतील तेवढी आहेत. कप्प्याची दोनशेही पडून आहेत, पण ती मात्र मागू नका.