मातीला नव्हे, दिवसांना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेतली नोकरी सोडून जर्मनीला निघालाय, बायको आणि दीड वर्षाचा मुलगा बरोबर, आई-वडील खानापूरकडच्या गावी, दोघंही सत्तरीला टेकलेले. पगाराचं, घराचं, विम्याचं सगळ्यांनी सांगितलं; पण घरी काही बरंवाईट झालं तर एवढ्याशा पोराला घेऊन यायचं कसं, आणि घेऊन यावं का, यावर कुणी बोलेना. मी बोलते. माझे वडील गेले तेव्हा मुलगी दोन वर्षं पाच महिन्यांची होती. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो, माझं माहेर बेळगावचं शहापूर.

जुलै महिना. बाबा पहाटे पाचला गेले, तेव्हा इथं रात्रीचे दीड वाजले होते. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. भावाचा फोन आला. त्यानं आधी बातमी सांगितली आणि लगेच विचारलं, "थांबू काय?"

या दोन शब्दांचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हटलं, थांबा. मग हिशोब मांडायला बसले. दुपारचं विमान फ्रँकफर्टहून, रात्री एकला मुंबई, पुढे बेळगावचं विमान मिळालं तर मिळालं, नाहीतर गाडीनं दहा-बारा तास. म्हणजे दुसऱ्या दिवशीची दुपार उलटणार. आपल्याकडे पहाटे गेलेल्या माणसाला दुपारच्या आत नेतात. बाहेर धो धो पाऊस, घरात आई, आणि थंड पेटीसाठी काका फोनवर फोन लावतायत. अर्ध्या तासानं मी परत फोन करून सांगितलं, नका थांबू. तेवढा अर्धा तास भावानं माझ्यासाठी सगळ्या भाऊबंदांना अडवून धरलं होतं. मला सगळ्यात जास्त लागलंय ते हे. माती चुकली त्याचं तेवढं वाईट वाटत नाही.

म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी तुम्ही आई-वडिलांशी हे बोलून घ्या. अपशकुनी वाटेल, आई "कायतरीच बोलतोस" म्हणून उठून जाईल, तरी बोला. वडिलांना सरळ विचारा: माझ्यासाठी थांबवायचं की नाही? बहुतेक बाप नाही म्हणतात. ते त्यांच्या तोंडून एकदा ऐकलेलं असलं की त्या रात्री भावावर आणि तुमच्यावर ओझं राहत नाही. परदेशातून माती गाठता येत नाही, असंच धरून चला. गाठायचे ते दिवस. तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन मला मिळालं, आणि तेवढं पुरलं.

आता कागदांचं, कारण त्या रात्री माझा नवरा येऊ शकला नाही. त्याच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि अर्ज करायला आम्ही आळस केला. चूक आमचीच. मुदत संपण्याआधी अर्ज केला तर जर्मनीत एक तात्पुरता दाखला मिळतो, नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, उच्चार महिनाभरात जमतो. पण त्यातही प्रकार आहेत. तिकडच्या निवास कायद्याच्या 81व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली दिलेला असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, तिसऱ्याखालचा असेल तर नाही. त्याच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. मी एकटीच मुलीला घेऊन निघाले. निघताना स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याच्याकडून संमतीपत्र लिहून घेतलं, कारण एकाच पालकाबरोबर मूल असलं की विमानतळावर विचारू शकतात. तुम्ही दोघांनी एकमेकांना असं पत्र देऊन फायलीत ठेवा, पासपोर्टच्या प्रतींसह. लहान मुलाचा आपला पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तिकडे तो नवा करायला आठवडे जातात. श्टुटगार्टच्या बाजूला राहिलात तर आपला वाणिज्य दूतावास म्हणजे म्युनिकचा.

तिकिटाचं एवढंच: मूल दोन वर्षांचं होईपर्यंत मांडीवर, साधारण दहा टक्के भाड्यात. दुसऱ्या वाढदिवसानंतर स्वतंत्र सीट, जवळजवळ मोठ्या माणसाएवढे पैसे. तुमचा मुलगा सहा महिन्यांत त्या बाजूला जाईल. एका मोठ्याच्या आणि एका मुलाच्या ऐनवेळच्या तिकिटाचे पैसे खात्यात वेगळे ठेवा आणि त्याला फ्रिज-सोफ्यासाठी हात लावू नका.

मुंबईत उतरलो तेव्हा सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावचं, विमान पावसामुळे उतरेल की नाही याची खात्री नव्हती. गोव्यात उतरून चोर्ला घाटानं येतात, पण जुलैत एकटीनं, पोर कडेवर घेऊन, तो घाट मला नको होता. गाडी केली. पुणे, सातारा, कोल्हापूर. पोरगी कागलपर्यंत झोपली आणि कोगनोळीच्या टोलनाक्यावर उठून रडायला लागली. तवंदी घाटात दोनदा थांबलो. घरी पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते, म्हणजे फोन आल्यापासून चौतीस तास. दारात चपलांचा ढीग, सोप्यात बायका, कोपऱ्यात दिवा. आई मला बघून रडली नाही. पोरीला हातातून घेतलं आणि म्हणाली, "हिनं काय खाल्लंय काय सकाळपासनं?"

आता तुमचा खरा प्रश्न: न्यावं का पोराला? अनेकजण सांगतील, नेऊ नका, रडारड बघून घाबरतं, आजारी पडतं. मी न्यायच्या बाजूची आहे. आपल्याकडचं मर्तिकाचं घर हे लहान मुलाला सामावून घेणारं घर असतं. चूल पेटत नाही, पण शेजारून आमटी-भात येतो, पिठलं-भाकरी येते, आणि आणणारी प्रत्येकजण आधी पोराला भरवते. आमच्या पलीकडच्या घरातल्या कन्नड काकूंनी पहिल्याच संध्याकाळी "बा पुट्टी" म्हणून तिला उचललं ते दोन तासांनी परत आणलं, आंघोळ घालून, काजळ लावून. रक्षाविसर्जनाला मी गेले तेव्हा ती त्यांच्याकडेच होती. एक काकी म्हणाल्या, लेकीला तीनच दिवसांचं सुतक, नातीला काही नाही, तिला काय ते दूध-बिस्कीट खाऊ दे. बशीतून चहा मात्र दोघातिघींनी पाजलाच. ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. तुम्हीही करा.

घाबरली का? घाबरली, एकदाच, आत्या मोठ्यानं रडल्या तेव्हा. परड्यात घेऊन गेले, पाऊस दाखवला, पाच मिनिटांत शांत झाली. तिला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिच्या लेखी आज्जा फोनमध्ये राहायचे. रोज तिकडच्या संध्याकाळी आमचा व्हिडिओ फोन व्हायचा. दुसऱ्या दिवशी ती माझा फोन घेऊन आईपुढे उभी राहिली: "आज्जा लाव." सोपा एकदम गप्प झाला. कुणीतरी म्हणालं, आज्जा देवाघरी गेले बाळा. तर ही उठली आणि माजघरातल्या देवघरात जाऊन पडदा वर करून बघायला लागली. सुतक म्हणून देव झाकलेले, कुणी हात लावत नव्हतं, आणि ही आत डोकावून "आज्जा" म्हणून हाक मारतेय.

तेव्हापासून मी सरळ सांगायला लागले. आज्जा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता फोनवर येणार नाहीत. घरातल्यांना कानाला टोचलं. पण "झोपले" म्हटलं तर लहान मूल झोपेला घाबरतं आणि "गावाला गेले" म्हटलं तर वाट बघत बसतं. अडीच वर्षांचं मूल "कायमचं" समजू शकत नाही, म्हणून तेच वाक्य दिवसातून दहा वेळा सांगावं लागतं, त्याच शब्दांत. तुमचा मुलगा आणखी लहान आहे, त्याला शब्दांपेक्षा तुमचा चेहरा कळेल. त्याची झोपायची चादर, त्याचा पेला, रात्रीचं त्याचं गाणं एवढं बरोबर न्या; बाकी काही लागत नाही.

झोपेचं मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे गोंधळ होणार नाही. तिकडे साडेआठला झोपणारं मूल आपल्याकडे मध्यरात्री बाराला झोपतं, आणि सकाळी दहा-साडेदहाशिवाय उठत नाही. पहिल्या रात्री मी तिला जबरदस्तीनं निजवायला गेले, दोघी रडलो. दुसऱ्या रात्री सोडून दिलं. घर निजलेलं, पत्र्यावर पाऊस, दिव्याजवळ आई एकटी बसलेली, तिला झोप येतच नव्हती. पोरगी तिच्यापुढे जाऊन बसली आणि बाबांच्या चष्म्याची डबी उघड-मिट करत राहिली. टक, टक. आई बोलायला लागली. बाबा उद्यमबागेत लेथवर होते तेव्हा सायकलवरून कसे जायचे, मी झाले तेव्हा फौंड्रीतून काळ्या हातांनी कसे धावत आले. दिवसभर माणसांच्या गर्दीत यातलं काही बोलली नव्हती. रोज बारा-साडेबारापर्यंत हे चालायचं, आणि मग दोघी एकाच वाकळेत झोपायच्या. पोरगी तिकडच्या घड्याळावर होती म्हणून आईला त्या रात्रींत सोबत मिळाली. हे आधी ठरवून जमलं नसतं.

रजेचं. आई-वडील गेले तर जर्मनीत सहसा दोन दिवस पगारी मिळतात, करारात काय लिहिलंय ते बघून सही करा. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं वर्षाची किमान वीस दिवस रजा असते, बऱ्याच कंपन्या जास्त देतात. मी आता त्यातले सहा दिवस डिसेंबरपर्यंत खर्च करत नाही. तेव्हा मात्र एकच आठवडा हातात होता आणि बाराव्याआधी मला निघावं लागलं. बारावा फोनवर बघितला, पोरीला पाळणाघरात सोडून, रस्त्याकडेच्या बाकावर बसून. पहिला आठवडा निवडला ते बरोबर की चूक, अजून कळत नाही. तेव्हा घर भरलेलं होतं. आईला माणसं लागली ती बाराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर. तुम्ही दोघं असाल तर एकानं आधी जावं आणि दुसऱ्यानं मूल घेऊन महिन्यानं. आम्ही परवाना हातात असता तर तसंच केलं असतं.

निघण्याआधी एक कोरडं काम करून घ्या, कितीही जिवावर आलं तरी. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, आणि दाखला कन्नड-इंग्रजीत येतो. नावाचं स्पेलिंग आधार, बँक आणि उताऱ्यावर आहे तसंच आलंय का ते नोंद करतानाच बघा. आमच्याकडे एका अक्षरानं घोळ झाला आणि भावाला पावसात चार हेलपाटे पडले. वारसाच्या कागदांवर तुमच्या सह्या लागणार असतील तर गावी असतानाच करा, नाहीतर पुढे मुखत्यारपत्र करायला वकिलातीची वेळ घ्यावी लागते.

परत आल्यावर पंधरा दिवस पोरगी पाळणाघरात मला सोडायला तयार नव्हती. तिथल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आजोबा गेले, त्यामुळे त्यांनी नाट्य म्हणून घेतलं नाही. तुम्हीही सांगा, त्यांना असल्या गोष्टींची सवय असते. आणखी एक गोष्ट ती घेऊन आली. आई आपल्याकडच्या बायकांसारखी "मी येतो, मी जेवलो" म्हणते. आता पोरगीही "मी येतो" म्हणते. नवरा पुण्याचा, तो सुधारायला जातो. मी त्याला गप्प बसवते.

आणि हो, मुलाच्या पासपोर्टच्या अर्जात जन्मस्थान लिहिताना तुमचा स्वतःचा पासपोर्ट शेजारी ठेवा. तुमचा पहिला पासपोर्ट 1 नोव्हेंबर 2014च्या आधीचा असेल तर तुमच्यावर बेळगाव इंग्रजीत जुन्या पद्धतीनं असू शकतं आणि मुलाच्या दाखल्यावर बेळगावी. तिकडचा कारकून विचारतो, ही दोन गावं का? मला विचारलं होतं. साठ-सत्तर वर्षांचा सीमाप्रश्न त्याला खिडकीत उभं राहून काय सांगणार. मी म्हटलं, एकच आहे, नाव बदललं, आणि सरकारी आदेशाची प्रत पुढे केली. ती प्रत तुम्हीही फायलीत टाका.